एसएटी की एसीटी: अमेरिकेतली नामांकित कॉलेजं कशाला जास्त वजन देतात?

एसएटी आणि एसीटी या अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीच्या परीक्षा. मुलीने दोन्ही दिल्यात, तर कुठले गुण पाठवावेत, असं तुम्ही विचारलंय. जास्त वजन कशालाच नाही. पूर्वी किनाऱ्यांवरची कॉलेजं एसएटीवाली आणि मधली राज्यं एसीटीवाली असा समज होता, तो आता डोक्यातून काढून टाका. दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी 2018 मध्ये मिळून तुलनेचा तक्ता काढला, त्यावरून गुण ताडून बघता येतात. तुम्ही लिहिलंय की मुलीला एसएटीत 1600 पैकी 1450 आणि एसीटीत 36 पैकी 34 आहेत. तक्त्यात एसीटीचे 34 म्हणजे एसएटीचे साधारण 1500. तेव्हा डोळे झाकून एसीटी पाठवा. दोन्ही पाठवायची गरज नाही.

खरा फरक कॉलेजागणिक धोरणाचा. एमआयटीने 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डने 2024 मध्ये. येलला एसएटी-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा मात्र प्रवेश देताना गुण बघतच नाहीत. तिथे एसएटीत 1600 असले तरी प्रवेशासाठी उपयोग शून्य.

आणि आपल्याकडच्या सीईटीसारखी गुणवत्ता यादी तिथे लागत नाही. शाळेतले गुण, निबंध, शिफारसपत्रं सगळं एकत्र बघतात. 34 वर थांबा. पुन्हा परीक्षेला बसवण्यापेक्षा तो वेळ निबंधाला द्या.