मोटर घूं करते, भांडे हलत नाही : वाचकांचे प्रश्न

पितळ घासून चकचकीत करणाऱ्या यंत्रांविषयी आलेली तीन पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेले दुखणे दुरुस्त होण्यासारखे आहे.

प्रश्न : उद्यमबागेत आमचे लहान वर्कशॉप असून हायड्रॉलिकच्या कामाला लागणारे पितळी निपल, बुश आणि फेरूल आम्ही लेथवर काढतो. अमेरिकेत राहणारे माझे मावसभाऊ हौशी नेमबाज आहेत. तिकडे झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यापूर्वी ज्या कंपनयंत्रात ते घासत असत, ते जुने यंत्र त्यांनी आमच्या उपयोगी पडेल म्हणून आणून दिले. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून ते काही महिने उत्तम चालले. आता मोटर नुसतीच घूं करते, भांडे हलत नाही. मोटर बदलावी की नवे यंत्र घ्यावे? नवे घ्यायचे झाल्यास कोरडे घ्यावे की पाण्यावर चालणारे?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : यंत्र मोडीत काढण्याची घाई करू नये. स्प्रिंगांवर बसवलेले भांडे, त्याच्या तळाशी लटकलेली छोटी मोटर आणि मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले वजन, एवढाच या यंत्राचा संसार असतो. वजन फिरले की भांडे थरथरते आणि आतला, मक्याची कणसे भरडून केलेला भुसा पितळेवर घासत राहतो. त्यामुळे ‘घूं करते पण हलत नाही’ या तक्रारीची कारणे मोजकीच आहेत.

प्लग काढून यंत्र आडवे करावे, खालची जाळी उघडावी आणि ते वजन हाताने फिरवून पाहावे. वजन फिरते पण दांडा जागेवरच राहतो असे आढळले, तर वजनाला दांड्यावर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू सैल झाला आहे. अशा वेळी दांड्यावर स्क्रूच्या टोकाने घासून पडलेली चकचकीत गोल रेघ दिसते आणि जवळपास काळपट पितळी पूड साचलेली असते. दांड्याला सपाट बाजू असल्यास स्क्रू बरोबर तिच्यावर आणावा. नसल्यास कानसेने लहानशी सपाट जागा करून घ्यावी आणि आटे घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब सोडून स्क्रू आवळावा. कंपनाच्या यंत्रात नुसता आवळलेला स्क्रू टिकत नाही.

दांडाच जड फिरत असेल, तर ज्या नळीत तो फिरतो ते बुशिंग सुकले आहे. या मोटरींना बहुधा तेल शोषून ठेवणारी सच्छिद्र ब्राँझची बुशिंग असतात आणि भुशाची धूळ व पॉलिशचा चिकटा मिळून त्यांत लुकणासारखा थर बसतो. तो पुसून काढून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत व दांडा हाताने फिरवत राहावे. ग्रीस भरू नये, कारण ते सच्छिद्र बुशिंगची भोके बुजवते. खोबरेल तर मुळीच नको. थंडीत ते गोठते आणि एरवीही कालांतराने चिकट होऊन बसते.

घूं आवाजही बंद झाला, तर मात्र प्रथम वायर पाहावी. भांड्याच्या कंपनाने वायर सतत वाकत राहते आणि मोटरमध्ये शिरते तिथेच, वरचे आवरण शाबूत असताना, आतल्या तारा तुटतात. नवी वायर पुष्कळ बारीक तारांची, रबरी आवरणाची घ्यावी आणि मोटरपाशी तिला सैल वेढा द्यावा. तासाभराने बंद पडून निवल्यावर पुन्हा सुरू होणाऱ्या मोटरमधील, फार तापल्यावर वीज तोडणारा कट-आउट आपले काम करत असतो. तो थेट जोडून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. गुंडाळणीच जळली असेल, तर उद्यमबागेतला कोणताही चांगला रिवाइंडर ती २३० व्होल्टसाठी भरून देईल, आणि मग ट्रान्सफॉर्मरचीही कटकट उरणार नाही.

ट्रान्सफॉर्मरविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण मूळ रोग कदाचित तिथेच असावा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तने बदलत नाही. अमेरिकेतील मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेली असते. आपल्याकडे हेस्कॉम या वीज कंपनीचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे मोटरचा वेग साधारण सहाव्या हिश्शाने घटतो आणि फिरत्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे कंपनाचा मारा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. तेवढ्यावर भागत नाही. कमी हर्ट्झवर ११० व्होल्ट दिल्यास मोटरच्या लोखंडी गाभ्यावर मूळ आराखड्यापेक्षा सुमारे १० टक्के अधिक भार येतो, ती जास्त तापते आणि बुशिंगमधले तेल लवकर आटते. १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर मिळाला, तर हे प्रमाण बरोबर जुळते. वेग मात्र कमीच राहणार, म्हणून वेळ वाढवावा. जोर भरून काढण्यासाठी वजनाला आणखी लोखंड जोडण्याचा उद्योग करू नये, तो बुशिंगच्या मुळावर येतो.

दुरुस्तीनंतर भांड्यात काय चालले आहे ते नीट पाहावे. माल बाहेरच्या कडेने वर चढून भांड्याच्या मधोमध उभ्या असलेल्या दांड्याकडे कलंडत, सावकाश फिरत राहिला पाहिजे. तो नुसताच जागच्या जागी शहारत असेल, तर भांडे अति भरले आहे किंवा पॉलिश जास्त ओतल्याने भुशाच्या गुठळ्या झाल्या आहेत. भुसा आणि माल मिळून भांड्याचा दोन तृतीयांश ते पाऊण भाग पुरे. भांड्याला तडा गेला असेल, तर एपॉक्सी लावून उपयोग नाही. ही भांडी बहुधा पॉलिथिलीनची असतात आणि त्यावर कोणताही साधा गोंद धरत नाही. गरम हवेने त्याच जातीच्या प्लास्टिकची वेल्डिंग करून घ्यावी.

आता नवे घेण्याचा प्रश्न. पुंगळ्या पुन्हा भरणारे लोक अलीकडे पाण्याच्या ड्रमकडे वळले आहेत, त्यामागे त्यांचे स्वतःचे कारण आहे. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या आणि ६ मिलिमीटर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या पिना, पाणी, भांडी घासण्याचा थोडा द्रव साबण आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड घालून ड्रम काही तास फिरवला, की त्या पिना पुंगळीच्या पोटात आणि बुडाच्या खळगीत शिरून जळक्या दारूची काजळी काढतात. कोरड्या भुशाला ते तितके साधत नाही. आपल्या मालात मात्र आतून काजळी नाही, उलट बाहेरून आटे आहेत. ड्रममध्ये माल एकमेकांवर आपटतो, आट्यांच्या कडा बोथट होतात आणि एका टोकाला बंद असलेल्या आंधळ्या भोकात पिना अडकून बसतात. पुंगळ्यांच्या तोंडाच्या कडासुद्धा जास्त वेळ फिरवल्यास ठोकल्यासारख्या होतात. माझ्या मते आपल्या कामासाठी कंपनाचे कोरडे यंत्रच योग्य आहे आणि पुढेमागे नवे घेतलेच, तर ते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे घ्यावे, मग तिकडच्या यंत्राची किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

प्रश्न : आमच्याकडे पितळी समया आणि घंटांच्या सुट्या भागांना चकाकी देण्यासाठी कंपनाचे भांडे घेतले आहे. त्यात घालण्यासाठी बाहेरून मक्याचा भुसा मागवावा लागतो. खानापूर तालुक्यात भाताचे तूस ढिगाने मिळते, काजूची टरफलेही मिळतात; ती चालतील का? आणि बाजारात मिळणारे, उग्र वासाचे पितळी पॉलिश भुशात मिसळावे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काजूची टरफले कटाक्षाने टाळावीत. त्यांतील तेल कातडी भाजणारे असते, हे काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांकडे पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ते पितळेवर चिकट डाग पाडते. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. चकाकी देण्याऐवजी ते बारीक ओरखडे काढते आणि धूळही फार करते.

मक्यासाठी मात्र लांब जाण्याचे कारण नाही. गोकाक, बैलहोंगल भागात मका होतो आणि दाणे काढल्यावर बुरकुंडे उरतात. ती कडक उन्हात पूर्ण वाळवून भरडावीत आणि चाळून घ्यावीत. बुरकुंडातील मधला मऊ गाभा आणि वरचा फोलपटासारखा भाग पाखडून टाकावा, कारण उपयोगाची असते ती या दोहोंमधली लाकडासारखी कठीण कडी. रव्याहून थोडा जाड दाणा चांगला. भरडण्यासाठी पशुखाद्याचे हॅमर मिल वापरावे. पावसाळ्यात खानापूरच्या हवेत हा भुसा ओल धरतो आणि त्याला बुरशी येते, म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. माल फारच काळवंडलेला असल्यास आधी अक्रोडाच्या टरफलांचा भरडा वापरावा, तो अधिक कापतो, आणि शेवटचा हात मक्याचा द्यावा.

उग्र वासाच्या पॉलिशविषयी माझे मत ठाम आहे. तो वास अमोनियाचा असेल, तर ते यंत्रात घालू नये. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि पाऊस सरल्यावर पाहावे तो अनेक पुंगळ्यांना, विशेषतः गोळी आवळून बसवलेल्या तोंडापाशी, तडे गेलेले असत. ऋतूशी जोडून या रोगाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू आतून फाटतो. पुंगळीचे पितळ ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते, आणि जस्त जास्त असलेले पितळ या रोगाला लवकर बळी पडते. आपल्या समयांच्या ओतीव भागांत असा ताण थोडा असतो. पत्रा दाबून किंवा ठोकून केलेल्या तबकांत आणि वाट्यांत तो भरपूर असतो. असा माल गोठ्याला लागून असलेल्या खोलीत रचून ठेवू नये, मग पॉलिश कोणतेही असो. पॉलिशच हवे असल्यास अमोनिया नसलेले, मोटारगाडीच्या रंगावर वापरतात ते द्रव पॉलिश चमचाभर पुरते. ते ओतल्यावर रिकामे यंत्र थोडा वेळ चालवून भुशात मुरू द्यावे आणि त्यानंतर माल घालावा.

माल धुताना चिंच किंवा सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात जास्त झाले, तर पितळ गुलाबी दिसू लागते. वरच्या थरातून जस्त निघून गेल्याची ती खूण आहे. बोअरचे पाणी जड असल्यास धुतल्यावर पांढरे ठिपके उरतात; शेवटचे धुणे पावळीच्या पाण्यात करावे.

धुळीबद्दल वरील दोन्ही वाचकांना सांगावयाचे आहे. झाडलेल्या पुंगळीत, बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील शिशाच्या संयुगाचे अवशेष राहतात, म्हणून तिकडे हे काम घरात करू नये असे सांगतात. आपल्याकडे पुंगळ्या नसल्या, तरी लेथवर सहज कापल्या जाणाऱ्या पितळी सळईत सुमारे ३ टक्के शिसे असते आणि ते भुशाच्या धुळीत उतरते. भांड्याला झाकण असावे, चाळण्याचे काम उघड्यावर वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करावे आणि वापरून काळा पडलेला भुसा चुलीत, गोठ्यात किंवा शेणखतात जाऊ देऊ नये. मुले जवळ नसावीत.

प्रश्न : मी निवृत्त सैनिक असून माझ्याकडे बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे. चामडी पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी बुडाला हिरवे किटण आले आहे. ती काडतुसे अशा यंत्रात घालून साफ करता येतील का, आणि झाडलेली काडतुसे घरी भरता येतील का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. भरलेले काडतूस कंपनाच्या किंवा ड्रमच्या कोणत्याही यंत्रात कधीही घालू नये. दीर्घ कंपनाने आतील दारूचे दाणे झिजून तिच्या जळण्याचा वेग बदलू शकतो आणि टोपीवर आघात होण्याची भीती असतेच.

भरण्याबाबत सांगायचे, तर बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही दारूगोळ्यातच मोडते, आणि कलम ५ नुसार त्याच्या निर्मितीला स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंत वाढू शकणारी शिक्षा आहे. आपल्या परवान्याविषयी काही शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारावे. शिवाय बारा बोअरच्या आजच्या काडतुसाचे अंग बहुधा प्लास्टिकचे असते, पितळेचा रंग फक्त बुडाला असतो, तेव्हा घासण्यासारखे त्यात फारसे काही नाहीच.

हिरवे किटण चामड्यामुळे आले आहे. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि पावसाळी ओल यांनी पितळेला तो हिरवा लेप येतो. काडतुसे पट्ट्यातून काढावीत, कोरड्या जाडसर फडक्याने पुसावीत, पाणी, तेल किंवा पॉलिश लावू नये, आणि पुसल्यावर बुडाला खड्डे किंवा बारीक चीर दिसली तर ते काडतूस न झाडता परवानाधारक विक्रेत्याला दाखवावे. बाकीची काडतुसे कुलूपबंद कोरड्या डब्यात ठेवावीत. पट्टा शिकारीच्या जुन्या फोटोंत शोभतो, साठवणीला नाही.