ओल्या कोकचा हिशेब

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तेल आणि परराष्ट्र धोरणावरचा तुझा निबंध दोनदा वाचला. अक्षर सुधारलंय, मुद्देही सुटसुटीत झालेत. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'तेलासाठी सरकारं तत्त्वं विकतात आणि दहशतवाद पोसणाऱ्यांशी हात मिळवतात,' आणि तिथेच पूर्णविराम देऊन पुढे गेलीस. तुझा राग खरा आहे आणि तो मला हवाच आहे. पण या एका वाक्यावर परीक्षक तुला थांबवेल आणि विचारेल, 'विकतात म्हणजे नेमकं काय करतात?' त्याला काय सांगशील?

माझ्या घरातलं एक सांगतो. उद्यमनगरात वडिलांची छोटी फाउंड्री होती, ऑइल इंजिनाचे भाग ओतायचो. कपोल्याला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, हार्ड कोक (भाजलेला दगडी कोळसा) लागायचा आणि तो देणारा व्यापारी गाडी निघण्याआधी कोकवर पाणी मारायचा. ओला कोक वजनात भरतो. काट्यावर पैसे जायचे पाण्याचे, आणि भट्टीत उष्णता कमी पडून माल रिजेक्ट व्हायचा तो वेगळाच. मी तेव्हा कॉलेजात होतो. एकदा गाडीवर चढून हात घातला तर कोपरापर्यंत बाही ओली झाली. खाली येऊन पाहतो तर वडील त्याच माणसाला चहा पाजत होते. मी रात्री खूप बोललो. ते एवढंच म्हणाले, 'परवा ओतकाम आहे. साचे भरून पडलेत. शेडमध्ये कोक किती आहे, जाऊन बघ.' मी गेलो. दीड दिवसाचा होता.

परराष्ट्र धोरण वाचताना मी आधी ती शेड बघतो.

आता 2012 सालचा फेब्रुवारी घे. 13 तारखेला दिल्लीत इस्रायली दूतावासाच्या गाडीला मोटारसायकलस्वाराने चुंबकी बॉम्ब चिकटवला, एका मुत्सद्द्याची पत्नी जखमी झाली. इस्रायलने त्याच दिवशी इराणचं नाव घेतलं, इराणने इन्कार केला. दिल्ली पोलिसांचा तपास पुढे इराणी नागरिकांपर्यंत गेला, त्यांच्या नावाने वॉरंटही निघाली. आपल्या राजधानीत, पंतप्रधानांच्या निवासस्थानापासून थोड्याच अंतरावर झालेला हा हल्ला. तरी भारत सरकारने इराणच्या सरकारला कधी उघड जबाबदार धरलं नाही. पुढच्याच महिन्यात आपल्या व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ तेहरानला गेलं.

इथे 'तत्त्वं विकली' म्हणून मोकळं होता येतं. पण शेड बघ. इराण तेव्हा आपल्या मोठ्या पुरवठादारांपैकी एक होता. शिवाय कच्चं तेल सगळीकडचं सारखं नसतं. कुठलं जड, कुठलं हलकं, कुणात गंधक जास्त. मंगळूरची रिफायनरी इराणी तेलाची मोठी गिऱ्हाईक होती, आणि असा कारखाना एका रात्रीत दुसऱ्या तेलावर चालवता येत नाही. कपोल्याचंही तसंच, हाताशी येईल तो कोक टाकून भागत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू तुझ्या निबंधात अजिबात नाही. अमेरिकी निर्बंधांमुळे डॉलरमध्ये पैसे देणं अवघड झालं, तेव्हा 2012 मध्ये तेलाच्या बिलाचा 45 टक्के भाग रुपयांत द्यायची सोय झाली. पैसे कोलकात्याच्या युको बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे. ते रुपये इराणला सहजासहजी बाहेर नेता येईनात, ते भारतातच खर्चायचे होते. मग इराणने आपल्याकडून बासमती घेतला, सोयापेंड घेतली, औषधं घेतली. म्हणजे विकणाराही अडलेला असतो. दोघांपैकी कोण किती दिवस थांबू शकतो यावर कोण कुणाचं ऐकून घेणार ते ठरतं.

आपल्याला निर्बंधांचे धडे देणाऱ्या अमेरिकेचा कायदाही मुळातून वाच. इराण 1984 पासून त्यांच्या दहशतवाद पुरस्कर्त्या देशांच्या यादीत आहे. 31 डिसेंबर 2011 रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने इराणी तेलाचे व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवर बडगा उगारला. पण त्याच कायद्यात अट आहे: इराण वगळून बाजारात पुरेसं तेल आहे का, भाव काय आहेत, हे अध्यक्षांनी वेळोवेळी तपासायचं आणि मगच तो बडगा चालवायचा. खरेदी लक्षणीय कमी करणाऱ्या देशाला सूट. जून 2012 मध्ये भारताला ती मिळाली. शत्रूला किती जोरात मारायचं हे तेलाच्या भावावर ठरवणारं कलम, छापील कायद्यात! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

सौदी अरेबियाबद्दल तू घाईत लिहिलंयस, तिथे जपून. अमेरिकेवरच्या 11 सप्टेंबर 2001 च्या 19 हल्लेखोरांपैकी 15 सौदी नागरिक होते हे खरं. पण सौदी सरकारने संस्था म्हणून अल कायदाला पैसा पुरवल्याचा पुरावा आपल्याला मिळाला नाही, असं अमेरिकेच्या चौकशी आयोगाने नोंदवलं, हेही तितकंच खरं. दोन्ही लिही. त्याआधीच्या संसदीय चौकशीतली सौदी संबंधांवरची 28 पानं मात्र 2016 पर्यंत गुप्त ठेवली गेली. त्याच वर्षी पीडितांच्या कुटुंबांना सौदी सरकारवर दावा लावू देणारा कायदा आला. ओबामांनी नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो धुडकावला. तोवर घरच्याच खडकांतून काढलेल्या शेल तेलाने अमेरिकेचं आयातीवरचं अवलंबन पुष्कळ उतरलं होतं. तेवढ्यानेच हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण अरब देशांच्या तेलबंदीने 1973-74 मध्ये त्यांच्या पंपांवर रांगा लागल्या होत्या, त्या दिवसांत असा कायदा झाला असता असं मला वाटत नाही.

आणि 2019 विसरू नकोस. 14 फेब्रुवारीला पुलवामात आपले 40 जवान गेले. तीनच दिवसांनी सौदी युवराज इस्लामाबादला उतरले, 20 अब्ज डॉलर्सचे करार केले. तिथल्या संयुक्त निवेदनात संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीचं राजकारण करू नये असं वाक्य होतं. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहरला त्या यादीत घालायची आपली धडपड चालू होती, म्हणजे रोख कुणावर होता ते उघड आहे. 19 तारखेला तेच युवराज दिल्लीत आले आणि आपले पंतप्रधान शिष्टाचार बाजूला ठेवून विमानतळावर गेले, गळाभेट झाली. घराघरात लोक चिडले होते, मीही चिडलो होतो. पण इराकच्या खालोखाल आपलं सर्वाधिक तेल तेव्हा सौदीकडून येत होतं, आणि आखातात आपली लाखो माणसं कामाला आहेत. पुलवामाचा निषेध दिल्लीच्या निवेदनात आला. चहा पाजत पाजत वडील त्या व्यापाऱ्याकडून टनामागे थोडी सूट काढून घ्यायचे, ती मला आठवली.

मात्र सगळ्याला तेलाचीच किल्ली लावू नकोस. 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिलं, तेव्हाही आपण त्यांचं तेल घेतच होतो. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी तेव्हा जास्त महत्त्वाची होती.

उपायांचं तुझं सातवं पान फारच पातळ आहे. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथल्या भूमिगत गुहांमध्ये 53.3 लाख टन साठवायची सोय आहे, म्हणजे 2019-20 च्या वापराप्रमाणे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. इथेनॉलवर तू भरभरून लिहिलंस. शिरोळची पोर आहेस, लिहिणारच. पण डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि काही दिवसांत थोडी सैल केली, तेव्हा कारखान्यांची काय धावपळ झाली ते तुझ्याच घरी विचार. इथेनॉल मिसळतात पेट्रोलमध्ये. आपला ट्रक, ट्रॅक्टर, एसटी चालते डिझेलवर, आणि देशात पेट्रोलपेक्षा डिझेल कितीतरी जास्त जळतं. हे लिहिलंस तर ऊसपट्ट्यातली असूनही तू खरं बोलतेस हे वाचणाऱ्याला कळेल.

वडिलांनी पुढे तीन वर्षं पैसे बाजूला टाकून मागच्या अंगाला पत्र्याची मोठी शेड घातली. महिन्याचा कोक राहील एवढी. त्या पावसाळ्यानंतर पहिली ओली गाडी आली, तेव्हा त्यांनी ती गेटवरूनच परत पाठवली. आवाजसुद्धा चढवला नाही. व्यापारी संध्याकाळी स्वतः आला आणि पुढच्या गाडीला कोरडा कोक आला.

तिसरं आणि सातवं पान नव्याने लिही. तारखा करवीर नगर वाचन मंदिरात बसून पुन्हा तपास, मोबाइलवर नको. रविवारी सकाळी ये, तुझ्या काकूंनी आंबोळ्यांचं पीठ भिजवायचं ठरवलंय.

तुझे,
सर
राजारामपुरी, कोल्हापूर