पाणी किती फुटांवर आहे?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘सर, जगाचं काही खरं दिसत नाही, पोरंबाळं होऊ द्यावीत का हाच प्रश्न पडलाय’ असं तू लिहिलंयस. हे मी हसण्यावारी नेत नाही. पण तू विचारलंयस फार मोघम.

पावसाळ्यात आपल्याकडं ‘कोल्हापूर बुडणार का तरणार’ असं कुणी विचारतं का? विचारतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. आकडा कळला की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत आधी जनावरं हलतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोक आकडाच विचारत होते. जगाबद्दलही असंच विचारायला शीक.

देवीचा रोग भारतात १९७५ मध्ये संपला, जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. ओझोनच्या थराला भोक पडल्याचं १९८५ मध्ये कळलं आणि १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला; तो थर आता हळूहळू भरतोय. अण्वस्त्रं १९८६ च्या सुमारास सत्तर हजारांच्या घरात होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. (जग जाळायला तेवढी पुरतात, हे खरंच.)

आता दुसरी बाजू. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० होता, आज ४२० च्या पुढं आहे आणि दरवर्षी वाढतोय. इथं मी तुला धीर देणार नाही.

ओझोनचं जमलं, मग हे का अडलं? ओझोनचा थर खाणारा फ्रीजमधला वायू मोजक्याच कंपन्या बनवत होत्या आणि त्याला पर्यायही निघाला. कार्बन मात्र प्रत्येकाच्या चुलीत, ट्रॅक्टरात, सिमेंटात आहे. आणि ज्याला फायदा होतो तो बुडत नाही, बुडतो दुसराच. पूररेषेच्या आत भराव टाकणाऱ्याला हवामानबदल शिकवायला नको, पंचगंगा कुठवर येते हे त्याला तोंडपाठ असतं. फ्लॅट विकून तो मोकळा होतो, पाणी शिरतं ते घेणाऱ्याच्या घरात. मला भीती वाटते ती या हिशेबाची. माणूस अडाणी आहे म्हणून मला भीती वाटत नाही, अडाणीपण शिकून जातं.

आणि तुझी निराशा या भराववाल्याच्या पथ्यावरच पडते. सगळं संपलंच आहे म्हणणारं पोरगं हरकत नोंदवायला येत नाही. ‘होईल सगळं नीट’ म्हणणारंही येत नाही म्हणा.

शाहू महाराजांचं नाव न घेता कोल्हापूरकराचं पत्र पुरं होत नाही, तेव्हा घेतोच. गादीवर आल्यावर पहिल्या काही वर्षांतच त्यांच्यापुढं दुष्काळ आणि प्लेग उभे राहिले. राधानगरीचं धरण त्यांनी सुरू केलं. १९२२ मध्ये ते गेले आणि काम पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. त्याच धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आज आपल्या पोटात गोळा येतो. चांगलं काम केलं तरी त्याच्यावर डोळा ठेवावाच लागतो.

पोरांचं तुम्ही दोघं ठरवा. नको असतील तर खुशाल नको म्हणा, पण जगाच्या नावावर खपवू नका. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरच्या घरात आहे. त्या बत्तीसच्या काळातही पाळणे हललेच की.

तोवर एक काम कर. शहराचा विकास आराखडा हरकतींसाठी खुला झाला की नकाशात आपला भाग शोध. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत पिवळा रहिवासी पट्टा दिसला तर गट नंबर टाकून लेखी हरकत दे. आणि पोच घे, तोंडी बोललेल्याला तिथं कुणी विचारत नाही.

तुझा,
सर