तुलूझला येतोयस, तर पोरीच्या शाळेचं आधी बघ

तू विचारलंस: फ्रान्समधल्या तुलूझमध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या लेझर उपकरणावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळालाय, बायको आणि शाळेत दुसरी पास झालेली मुलगी बरोबर येणार, काम कसं असतं, एकटेपणा वाटतो का, आणि मुलीला जड जाईल का? व्हिसाचं सगळं वेबसाइटवर आहे, ते सोडते. ताई म्हणालास, म्हणून बाकीचं सांगते.

रोव्हर कुणी जॉयस्टिकने चालवत नाही. सिग्नल मंगळावर पोचायलाच अंतराप्रमाणे 3 ते 22 मिनिटं लागतात. दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवायच्या, काय घडलं ते नंतर कळतं. आपलं काम म्हणजे सात मीटरपर्यंतच्या दगडावर लेझर मारायचा आणि उडालेल्या ठिणगीच्या प्रकाशावरून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखायचं. कोणत्या दगडाला किती वेळ द्यायचा यावर रोज घासाघीस होते, कारण क्युरिऑसिटीकडे वीज सुरुवातीलाच जेमतेम 110 वॅट होती. त्यात चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा. 2013 मध्ये त्याला भोकं पडलेली दिसली, तेव्हापासून टोकदार खडक टाळत वाट काढतात. आठवडाभर डोळा ठेवलेला दगड त्यात हुकतो, आणि जीव हळहळतो. शिवाय रोव्हर चालवणारी नासाची टीम अमेरिकेत पासाडेनाला, आपल्या नऊ तास मागे, म्हणजे तुझी संध्याकाळ कामात जाणार. बायकोला हे आत्ताच सांग.

मी 2014 च्या उन्हाळ्यात आले. नोव्हेंबरमध्ये फोकससाठी अंतर मोजणारा छोटा लेझर बंद पडला. तिथे मिस्त्री पाठवता येत नाही. वेगवेगळ्या फोकसवर पुन्हा पुन्हा लेझर मारून त्यातला नीट लागलेला तेवढा उचलायचा, असे आम्ही काही महिने काढले. 2015 मध्ये नवं सॉफ्टवेअर वर गेलं आणि उपकरण स्वतःच फोटो काढून फोकस ठरवायला लागलं. त्या दिवशी आम्ही सगळे रडायच्या बेतात होतो. पण त्याच महिन्यांत घरी काय चाललं होतं, ते मी पाहिलं नाही.

माझी लेकही पुण्यात दुसरी करून आली होती. फ्रेंच येत नाही म्हणून तिला इथल्या पहिलीत बसवलं. गुणाकार येणारी मुलगी मणी मोजत बसली. मी भांडायला हवं होतं. पण तेव्हा माझी फाइल एका कार्यालयातून तिसऱ्यांदा परत आली होती: जन्मदाखल्यावर मुलीचं नुसतं नाव, पासपोर्टवर आडनावासकट. अधिकृत भाषांतरकाराने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव घातलं, पुन्हा पैसे, पुन्हा तारीख. (पुण्यातच दाखल्यावर पूर्ण नाव लावून घे, निघायच्या आधी.) भांडायचं बळच उरलं नाही.

मग शाळेतल्या बाईंनी सांगितलं, घरी फ्रेंचच बोला, लवकर शिकेल. आम्ही ऐकलं. जेवताना ती ‘आई, तूप’ म्हणायची आणि मी वाटी मागे घ्यायचे, फ्रेंचमध्ये माग म्हणायचे. माझं स्वतःचं फ्रेंच तेव्हा मोडकंतोडकं. ती वाटीकडे बघत गप्प बसायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

फ्रेंच ती सहा महिन्यांत शिकली, मराठी बोलत राहिलो असतो तरी शिकलीच असती. पुढे वर्षही भरून निघालं, गणितात पहिली येते. साताऱ्याहून आजीचा फोन आला की ‘बरी आहे’ म्हणते आणि फोन माझ्या हातात देते. आजी विचारते, अगं तिला सर्दी झालीय का, बोलत का नाही?

एकटेपणाचं विचारलंस. पहिला हिवाळा जड जातो, पुढे जमतं.

सुट्टीचं मात्र लक्षात ठेव. साधारण 26 महिन्यांनी मंगळ सूर्याआड जातो आणि दोनेक आठवडे आज्ञा पाठवणं बंद असतं. त्या तारखा खूप आधी कळतात. तेव्हाच भारताची तिकिटं काढ, आणि मुलीला आजीकडे ने.