काकांना शिडी परत हवी आहे

चि. लेखकराव यांस,
अनेक आशीर्वाद.

एपिसोड वाचला. त्याखाली तू जे लांबलचक लिहिलंयस तेही वाचलं. चॅनेलच्या क्रिएटिव्ह बाईंनी वरच्या मजल्यावरचे काका काढून टाकायला सांगितले, लोक नायक-नायिकेसाठी टीव्ही लावतात असं वर ऐकवलं, आणि तू मला विचारतोयस की काकांसाठी भांडू की सोडून देऊ. मेल रात्री दीडचा आहे, म्हणजे झोप उडालेली दिसते. उडू दे, या धंद्यात ती उडतेच.

आधी कडू ते सांगतो. तू लिहिलेले काका मीसुद्धा काढले असते.

रागावू नकोस, स्क्रिप्ट पुन्हा काढून बघ. काका चार वेळा येतात. एकदा 'काय गडबड चाललीय?', मग 'सूनबाई कुठं दिसत नाहीत?', मग 'मी नंतर येऊ का?', आणि शेवटी टाळी द्यायला. हा गृहस्थ गुडघे धरत एक मजला उतरून आला कशाला? तुझ्या नायकाला समोर कुणीतरी हवं म्हणून. काकांचं स्वतःचं काही अडलेलंच नाही. दारातून आत येणारा माणूस स्वतःचं काम घेऊन येतो, हे मी तुला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि विसरलास.

आता तुझाच सीन घे. नायकाने साहेबांना सांगितलंय की बायको कोल्हापूरला गेलीय. साहेब अचानक घरी येतात, म्हणून बायको माळ्यावर लपते. इथपर्यंत उत्तम. आता काकांना त्यांची शिडी परत हवी आहे. गणपतीत मखरासाठी नेली होती, अजून दिलेली नाही. वर प्लंबर खोळंबलाय, तो थांबल्याचेही पैसे लावणार. काकांना साहेब कोण, बायको कुठं, कशाशी कर्तव्य नाही. ते येतात, 'बसा, बसा' म्हणतात, शिडी उचलतात आणि चालू लागतात. बायको माळ्यावर अडकली. नायकाला ओरडता येत नाही, कारण साहेब चहा पितायत. पुढची दहा मिनिटं तुला काही सुचावं लागणार नाही, काकांनी लिहून दिली ती. आणि आता क्रिएटिव्ह बाईंना म्हणावं, काढून दाखवा काकांना.

ब्रिटिशांची 'फॉल्टी टॉवर्स' बघ असं तुला किती वेळा सांगितलं. बारा एपिसोड आहेत सगळे मिळून, सहा 1975 चे आणि सहा 1979 चे, एका रविवारात संपतात. हॉटेलमालक बेसिलचा थयथयाट सगळ्यांना आठवतो, वेटर मॅन्युएल आठवतो. मला मेजर आठवतात. हॉटेलात कायमचे मुक्कामाला असलेले म्हातारे मेजर, बॅलार्ड बर्कली यांनी केलेले. बेसिलच्या डोक्यावर आभाळ कोसळत असतं आणि मेजर येऊन विचारतात, पेपर आला का. बस्स, एवढंच. त्या माणसाला पेपर हवाय. त्याच्या दृष्टीने हॉटेलातल्या भानगडी पेपर यायच्या आधी आणि आल्यानंतर घडतात. बर्कली ते गंमत म्हणून विचारत नाहीत, त्यांना खरंच पेपर हवा असतो.

आपल्याकडे काय कमी आहे? मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणराव आले, तेव्हा कौतुक दिलीप प्रभावळकरांचं झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ मध्ये उभे राहिले नसते तर चिमणरावांची घाबरगुंडी कुणाला दिसली असती? कर्वे महापालिकेत इंजिनियर होते, नोकरी सांभाळून काम करायचे. चि. वि. जोशींनी गुंड्याभाऊंना चिमणरावांच्या होला हो करायला ठेवलेलं नाही. त्यांची स्वतःची मतं असतात आणि ती सोट्यासकट मांडायची तयारी असते. चिमणराव बिचारे फरपटत मागून जातात.

किंवा 1994 ची 'श्रीमान श्रीमती' घे. हिंदी असली तरी घर कुलकर्ण्यांचं होतं, लिहिणारे आपले अशोक पाटोळे, दिग्दर्शन राजन वाघधरे. केशव कुलकर्णीचा डोळा शेजारच्या नटीवर. कुठल्याही लेखकाने त्या नटीच्या नवऱ्याला बावळट करून कोपऱ्यात बसवला असता. इथे तो नवरा, दिलरुबा, घर सांभाळतो, स्वयंपाक करतो, आणि त्याला केशवच्या बायकोचं, कोकिळेचं, कौतुक. म्हणजे त्याचीही वेगळी मोहीम चालू आहे! दिलरुबा झालेला राकेश बेदी दार ढकलून आत येतो तेव्हा तो केशवकडे आलेलाच नसतो. याच बेदीने दहा वर्षं आधी 'ये जो है जिंदगी'मध्ये बहिणीच्या घरी ठाण मांडून बसलेला मेहुणा केला होता. दोन्ही वेळा पहिलं नाव दुसऱ्याचं, आणि दोन्ही वेळा तो दिसला की आमच्या घरी आवाज वाढवला जायचा.

तू म्हणशील, ही माणसं पालुपदावर चालायची. त्याच 'ये जो है जिंदगी'तलं टिकू तलसानियांचं 'ये क्या हो रहा है' पोरंसोरं म्हणत फिरायची, म्हणून आपल्या काकांनाही एखादं पालुपद द्यावं. नको, हात जोडतो. सरकारी कचेरीवरच्या 'ऑफिस ऑफिस' मालिकेतला भाटिया बघ, मनोज पाहवाचा. तो सतत काहीतरी खात असतो. त्याचं काम खाणं आहे, कामासाठी खेटे घालणाऱ्या मुसद्दीलालची फाइल हा त्याच्या खाण्यातला अडथळा आहे. संजय मिश्राच्या शुक्लाच्या तोंडात पान आहे, तेव्हा बोलणं हीच अडचण. मुसद्दीलाल झालेले पंकज कपूर समोर नुसते उभे राहतात आणि आपल्याला रडू येईल इतकं हसू येतं, कारण टेबलामागचा प्रत्येक जण स्वतःच्या कामात गर्क आहे. पालुपद मागाहून आपसूक चिकटतं. आधी काम दे.

'येस मिनिस्टर' या ब्रिटिश मालिकेतला बर्नार्ड तर मी तुला पाठ करायला लावीन. मंत्री आणि खात्याचे सर्वांत वरचे सनदी अधिकारी सर हम्फ्री यांच्या मधला मंत्र्यांचा खासगी सचिव, डेरेक फाउल्ड्सने केलेला. हम्फ्री साकारणाऱ्या नायजेल हॉथॉर्नना त्या भूमिकेसाठी चार बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट-टीव्ही पुरस्कार, मिळाले आणि ते रास्तच. पण बर्नार्डचा पेच बघ. दिवसभराची चाकरी मंत्र्यांची, बढती मात्र हम्फ्रींच्या हातात. मंत्र्यांनी थेट विचारलं की तू कुणाच्या बाजूने, तर त्याला ब्र काढता येत नाही. मग तो काय करतो? कुणाच्या तरी वाक्यातली उपमा कशी चुकली ते दाखवत बसतो. लोकांना वाटतं, काय पंडित आहे! अरे, तो जीव वाचवतोय.

आता माझं. तुला कुणीतरी सांगितलंच असेल की मी एक मालिका मध्येच सोडली. सोडली. इमारतीत एकच फोन असतो आणि एक म्हातारी मुलाच्या ट्रंककॉलसाठी रोज येऊन बसते, असं पात्र मी लिहिलं होतं. ती बसते म्हणून घरातल्यांना भांडता येत नाही. लोकांना ती आवडली. मग वरून फर्मान आलं, दिवाळी विशेषमध्ये म्हातारीला नाचवा. मी म्हटलं, ती फोन सोडून उठणार नाही. ते म्हणाले, एक दिवस उठेल. मी म्हटलं, मग मी उठतो. पुढच्या आठवड्यात म्हातारी गावाला गेली ती परत आलीच नाही. ते काम करणाऱ्या बाई रोजावर होत्या. त्यांचं काम माझ्या हट्टापायी गेलं, असं अजून बोललं जातं. त्यांना काढलं चॅनेलने, मी नाही. नाचल्या असत्या तर त्या पुढच्या महिन्यात तशाही गेल्या असत्या, नाचून झालेल्या माणसाला दारातून परत कुठल्या कामासाठी आणणार? मी त्यांना नंतर फोन करायला हवा होता, हे मात्र खरं. असो.

तर भांडायचं की नाही? हे काका असेच ठेवून भांडलास तर हरशील, आणि हरावंसच. शिडीवाले काका घेऊन जा. चॅनेलवाल्यांना तत्त्व सांगत बसू नकोस, त्यांना वेळ नसतो. काकांचे सीन एका दिवसात उरकतील असे बांध, सगळे दिवाणखान्यात, म्हणजे नटाला महिन्यातून मोजके दिवस बोलवावं लागेल आणि निर्माता तुझ्या बाजूला येईल. खर्चाची भाषा सगळ्यांना कळते. नट निवडताना मात्र विनोदी नट शोधू नकोस. ज्याला शिडी खरोखर हवी आहे असं वाटेल तो घे.

मंगळवारपर्यंत नवा ड्राफ्ट पाठव, बुधवारपासून मी डोळ्यांच्या तपासण्यांमध्ये अडकलोय. आणि दुसऱ्या सीनमधला कुरिअरवाला तसाच सोडू नकोस. दोन वाक्यं आहेत त्याला, ठीक आहे, पण त्याला सही हवी आहे, ओटीपी हवा आहे की प्यायला पाणी, यातलं काहीच तू ठरवलेलं नाहीस.

तुझा,
काका (वरच्या मजल्यावरचा नव्हे)