दोन डॉलरच्या नोटेवरचा मेंढा

प्रश्न : तारवटी (जहाजावर नोकरी केलेल्या) काकांच्या पेटीत ऑस्ट्रेलियाची जुनी हिरवी दोन डॉलरची नोट सापडली. तिच्यावर एक गृहस्थ आणि मेंढा आहे. हे कोण? आणि आपल्या गोव्यात मेंढ्या का दिसत नाहीत?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ते जॉन मॅकार्थर (१७६७–१८३४). १७९० मध्ये लष्करी अधिकारी म्हणून सिडनीला उतरले. मेरिनो (बारीक, दाट लोकरीच्या जातीच्या) मेंढ्या तिथे त्यांनीच प्रथम नेल्या हा समज चुकीचा आहे. १७९७ मध्ये नौदलाच्या कप्तानांनी त्या दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून आणल्या, मॅकार्थरनी त्यांतल्या काही घेतल्या. त्यांची खरी हुशारी हिशोबात होती. ताजे मांस महिनोन् महिने जहाजात टिकत नाही. लोकर टिकते आणि वजनाच्या मानाने भावही देते.

माणूस मात्र महा भांडखोर. १८०१ मध्ये वरिष्ठाशी पिस्तुलाचे द्वंद्व, १८०८ मध्ये तिथल्या वसाहतीचे गव्हर्नर ब्लाय यांच्याविरुद्धच्या बंडात पुढाकार. त्यापायी १८०९ ते १८१७ इंग्लंडात अडकले. तेवढा काळ कळप सांभाळला पत्नी एलिझाबेथने; नोटेवर खरे तर तीही हवी होती. १८२५ मध्ये ते वसाहतीच्या विधान परिषदेवर नेमले गेले, १८३२ मध्ये मानसिक आजारामुळे वगळले गेले.

गोव्याचे कारण पाऊस. मेरिनोची दाट लोकर भिजली की लवकर सुकत नाही, आत कुजते, माश्या अंडी घालतात. चिखलात खुरांच्या बेचक्यात जखम होऊन जनावर लंगडते. ओल्या चाऱ्यातून पोटात जंत जातात. म्हणूनच आपले गवळी-धनगर म्हशी आणि शेळ्या पाळतात.