दोन ऑटोमॅटा (स्टेट म्हणजे अवस्था बदलत चालणारी कागदी यंत्रं) एकच भाषा, म्हणजे शब्दांचा एकच संच, स्वीकारत असतील, तर त्यांना वेगळं मानणारा प्रोसेस अल्जेब्रा (एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोसेसचं बीजगणित) हवा कशाला?

तुमचा प्रश्न मला असा कळला: टीओसीमध्ये (थिअरी ऑफ कम्प्युटेशन) डीएफए-एनएफए झाले (डीएफएला प्रत्येक पावलाला एकच वाट, एनएफएला अनेक असू शकतात), भाषा एक म्हणजे यंत्रं समान हे डोक्यात पक्कं बसलं, आणि आता इलेक्टिव्हमध्ये सीसीएस-सीएसपी हे दोन प्रोसेस अल्जेब्रा सुरू झाल्यावर तीच यंत्रं वेगळी ठरायला लागली. मी प्रोटोकॉल तपासण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा गोंधळ नव्याने आलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर बघतो.

सगळी गोम वितरणाच्या एका नियमात आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शब्दांचे नमुने लिहायची रीत; + म्हणजे 'किंवा', शेजारी लिहिलं म्हणजे 'त्यानंतर') अ(ब+क) आणि अब+अक यांत काही फरक नाही. रॉबिन मिल्नर यांनी १९८० साली सीसीएस मांडताना हा नियम जाणूनबुजून बाहेर ठेवला.

का, ते लोकलच्या स्टेशनवरच्या एटीव्हीएमवर, म्हणजे तिकिटाच्या यंत्रावर, पाहू. पहिलं यंत्र असं: कार्ड ठेवलं की सिंगल आणि रिटर्न दोन्ही बटणं येतात, तुम्ही निवडा. दुसरं यंत्र कार्ड ठेवताक्षणी स्वतःच ठरवून टाकतं की या वेळी फक्त सिंगल, किंवा फक्त रिटर्न. दुसरं बटण दिसतच नाही. दोन्हींच्या पूर्ण व्यवहारांची यादी काढा. 'कार्ड, सिंगल' आणि 'कार्ड, रिटर्न', बस्स. भाषा तंतोतंत एक. आता रिटर्नच हवं असलेला प्रवासी समोर उभा करा. पहिल्या यंत्रापुढे त्याचं काम नेहमी होतं. दुसऱ्यापुढे कधी होतं, तर कधी यंत्र सिंगलच्या बटणाची वाट बघत बसतं आणि प्रवासी रिटर्नच्या. झाला डेडलॉक, दोघंही अडकले.

एनएफए हे पकडत नाही, कारण त्याची व्याख्याच उदार आहे: एक जरी वाट शेवटपर्यंत पोचली तरी शब्द मान्य. खरी यंत्रणा अशी उदार नसते. आतली निवड तिने चुकीची केली तर मागे येऊन दुसरी वाट धरायची सोय नाही. आणि परीक्षेत आपण सगळे डोळे झाकून करतो ते एनएफएचं डीएफए? दुसऱ्या यंत्रावर करून बघा. कार्डनंतरच्या दोन स्टेट एकत्र होऊन एक स्टेट बनते आणि हाती येतं पहिलं यंत्र. डेडलॉक साफ पुसला गेला. शब्द ओळखायचे असतील तर हे रूपांतर बिनचूक आहे. समोर दुसरी प्रोसेस उभी असेल तर घातक.

यावर उत्तरं एकाहून जास्त निघाली. डेव्हिड पार्क यांनी १९८१ मध्ये दिलेली बायसिम्युलेशनची कल्पना अशी: तुम्ही एका यंत्रात एक पाऊल टाका, मी दुसऱ्यात तेच पाऊल टाकून दाखवीन, पुढच्या पावलाला यंत्रं अदलाबदल करायची मुभा तुम्हाला. मी कायम साथ देऊ शकलो तर यंत्रं समान. टोनी होअर यांच्या सीएसपीत वेगळा हिशोब आहे: इतकं घडल्यानंतर यंत्र कशाला नकार देऊ शकतं, हेही लिहून ठेवायचं. आपलं दुसरं यंत्र कार्डनंतर रिटर्नला नकार देऊ शकतं, पहिलं देऊ शकत नाही; तिथेच ती वेगळी झाली.

पण ऑटोमॅटा थिअरी टाकून द्यायची असं मुळीच नाही. माझं आवडतं उदाहरण उलट बाजूचं आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांचा पब्लिक-की प्रोटोकॉल (दोघांनी सांकेतिक निरोपांतून एकमेकांची ओळख पटवायची रीत) १९७८चा. गॅव्हिन लो यांनी त्यातला हल्ला १९९५ साली दाखवला, म्हणजे तब्बल १७ वर्षांनी. इथे अ आणि ब ही दोन माणसं समजा. अ स्वतःहून एका लबाड माणसाशी बोलायला जातो. तो लबाड अ-चेच निरोप ब-च्या किल्लीने बंद करून ब-कडे पाठवतो, आणि ब समजतो की आपण अ-शीच बोलतोय. दोन संभाषणं एकाच वेळी चालू असतील तरच हे जमतं, म्हणून एकेक संभाषण सुटं वाचणाऱ्याला ते दिसत नाही. लो यांनी हा प्रोटोकॉल सीएसपीत लिहिला, हल्लेखोरालाही एक प्रोसेस केलं, आणि एफडीआर नावाच्या साधनाला तपासायला लावलं. दुरुस्ती एवढीशी: दुसऱ्या निरोपात ब-ने आपलं नाव घालायचं. गंमत म्हणजे इथे नकारांचा हिशोब लागलाच नाही. 'अमुक वाईट गोष्ट कधीच घडू नये' एवढंच विचारायचं असेल तर घटनांच्या माळा (ट्रेस) पुरतात, आणि ते तुमच्या ओळखीचं भाषांचं कंटेनमेंटच, म्हणजे एक भाषा दुसरीत मावते का हे बघणं.

या जुन्या ज्ञानाचा दुसरा फायदा हिशेबी आहे. दहा स्टेटच्या दहा प्रोसेस एकत्र जोडल्या तर १००० कोटी स्टेटपर्यंत मजल जाते. बायसिम्युलेशनने समान ठरलेली प्रोसेस कुठल्याही जोडणीत बदलून टाकली तरी निकाल तोच राहतो, म्हणून प्रत्येक तुकडा आधी लहान करायचा आणि मग जोडायचा. लहान करायची रीत तुम्हाला येतेच: डीएफए मिनिमायझेशनमध्ये स्टेटचे गट फोडत जातो, तीच.

पुस्तकाआधी एमसीआरएल२ हे प्रोसेस तपासायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. वरची दोन्ही एटीव्हीएम त्यात चार-चार ओळींत लिहून होतील. मग त्यातल्याच एलटीएसकम्पेअर या तुलना करणाऱ्या साधनाला एकदा ट्रेसवरून आणि एकदा बायसिम्युलेशनवरून तुलना करायला सांगा. पहिल्यांदा होकार येईल, दुसऱ्यांदा नकार.